डाव्या बाजूचा पाऊण इंच

माझ्या स्कूटरला चार चाकं आहेत. दोन कंपनीनं दिलेली आणि दोन मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, लोखंडी पट्ट्यांवर नंतर बसवून घेतलेली. तरी सगळे तिला तीनचाकीच म्हणतात, मीही म्हणते. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला आणि डावा पाय कमरेपासून बारीकच राहिला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी कॅलिपर, उजव्या हातात कुबडी आणि लांब जायचं तर ही गाडी, असं माझं चालणं आहे.

येडशीला आमचं घर. वडील रेल्वेत रुळांच्या कामावर होते, आता घरीच असतात. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळा येरमाळ्याच्या पुढं, हायवे सोडून पाच-सहा किलोमीटर आत, एका लहान गावात. घरापासून एका बाजूनं सव्वीस किलोमीटर पडतं. एसटीनं जायचं तर येरमाळ्यापर्यंत सोय होती, पण पुढच्या जीपमध्ये मला चढता येत नसे, म्हणून नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी ही गाडी घेतली.

दोन चाकांची गाडी खड्डा चुकवून जाते. माझ्या गाडीचं एक चाक चुकवलं तर दुसरं त्यात पडतंच. आणि ती वळणावर झुकत नाही, त्यामुळं प्रत्येक हिसका सरळ कमरेत येतो. डाव्या बाजूला माझ्या अंगावर मांसच नाही, नुसतं हाड सीटवर टेकतं. शाळेत पोचल्यावर पहिला तास मी उभ्यानं घ्यायचे. मुलांना वाटायचं, बाई कडक आहेत.

हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, ते तिच्या लक्षात आलं. ती आमच्या शाळेत बदलून आली तेव्हा शाळेत आम्ही चौघं होतो, मुख्याध्यापक, एक वयस्कर गुरुजी, ती आणि मी. वयानं ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, नोकरीतही एक वर्षानं. येरमाळ्यात राहायची. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा यायचा. घरी सासू आणि एक मुलगी. सकाळी मी येरमाळ्याच्या फाट्यावर पोचले की ती तिच्या स्कूटीवर थांबलेली असायची, तिथून शाळेपर्यंत आम्ही पुढंमागं जायचो. पहिल्या महिन्यातच एकदा तिनं मला विचारलं, "तू खुर्चीवर कधी बसतेस गं? मला तर दिसत न्हाईस." मी हसून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात येऊन माझ्या खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी ठेवली आणि आपल्या वर्गावर गेली.

तेव्हापासून सीटचा विषय तिनं आपल्या अंगावर घेतला. आधी आम्ही ऑनलाइन जेलची गादी मागवली. हाताला थंडगार, बोटानं दाबलं की मऊ. मार्च होता तोवर बरी वाटली. एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली आणि अकरा-साडेअकराला परतताना ती गादी तव्यासारखी तापायला लागली. मग हवेची उशी आणली. तिच्यावर कंबर तरंगायची आणि आमच्या त्या आतल्या रस्त्यावर मी उजवीकडं-डावीकडं डुलत राहायचे, दोन्ही हँडल घट्ट धरून. एकदा समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा मी इतकी घसरले की उजवा पाय रस्त्याला लागला. ती मागून बघत होती. शाळेत आल्यावर तिनं स्वतः ती उशी काढून कपाटात टाकली. तिसऱ्या वेळी येरमाळ्यातल्या एका दुकानात जाड फोम भरून घेतला. दुकानात बसले तर वाटलं, आता ह्याच्यापुढं काही नको. दहा किलोमीटरवर तो फोम बसला आणि खालचा पत्रा लागायला लागला.

धाराशिवला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर एक सीट बनवणारे चाचा बसतात, त्यांचं नाव तिला कुणीतरी सांगितलं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी आपापल्या गाड्यांवर गेलो. दुकान म्हणजे टपरी, पुढं ताडपत्री, आत फोमचे तुकडे आणि रेक्झिनचे गुंडाळे. चाचांनी माझी गाडी बघितली, मला बघितलं आणि विचारलं, "रोज किती चालवता?" मी सांगितलं. त्यांनी वर लावलेल्या मऊ फोमला हातही लावला नाही. चुऱ्याचा फोम असतो, तुकडे दाबून केलेला, विटेसारखा घट्ट; त्याचा एक थर माझ्या हातात दिला. मला तो दगडच वाटला. चाचा म्हणाले, "इथं बसून काय कळत न्हाय, मॅडम. दुकानात सगळ्यांला मऊच आवडतंय. ह्यो बांधतो, तासभर चालवून या आन् मग बोला."

त्यांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तो थर सीटवर आवळला. आम्ही येडशीच्या घाटापर्यंत गेलो आणि परत आलो. पाठीचं दुखणं निम्म्यानं कमी होतं, पण डाव्या बाजूचं हाड तसंच. चाचा म्हणाले, तुमची बैठक एका बाजूला पडती, तिथं उचलून घ्यावं लागेल. किती ते मला असं कळणार नाही, माप पाहिजे. मी लाजले. ती म्हणाली, "माप मी आणून देते."

ते माप तिनं कसं घेतलं ते मला आजही लख्ख आठवतं. शाळा सुटल्यावर, सगळे गेल्यावर, तिनं खिचडीच्या तांदळाचं अर्धं पोतं वर्गात ओढत आणलं, बाकावर आडवं केलं आणि हातानं सपाट केलं. दाराला कडी लावली. मला कॅलिपर काढायला सांगितला. आईशिवाय कुणासमोर मी कॅलिपर काढून बसले नव्हते. तिनं काखेत हात घालून मला त्या पोत्यावर टेकवलं, पाच मिनिटं तसंच बसवून ठेवलं आणि पुन्हा सरळ वर उचललं. पोत्यावर दोन खड्डे पडले होते. उजवीकडचा पसरट, डावीकडचा अरुंद आणि खोल. तिनं कंपासपेटीतली पट्टी घेऊन दोन्ही मोजले, मधलं अंतर मोजलं आणि कागदावर काढून घेतलं. मग मला म्हणाली, "तुझं अंग डाव्या बाजूला पाऊण इंच खाली बसतंय. म्हणून पाठ दुखती. तुझ्या पायाचं ह्यात काय न्हाय."

मी त्या बाकावर बसून रडले. चाळीस वर्षं मी पायाला दोष देत आले होते. आणि कुणीतरी पट्टीनं मोजून मला सांगितलं होतं, दुखणं कुठं आहे आणि किती आहे.

चाचांनी त्या मापानं सीट केली. खाली घट्ट थर, डाव्या बाजूला पाऊण इंच उचललेला, हाड टेकतं तिथं वाटीएवढी खोलगट जागा कोरून त्यात मऊ फोम. पुढची कड मांडीला लागू नये म्हणून निमुळती केली. मागं कमरेला टेकायला चार बोटं उंचवटा. तिनं चाचांना दोनदा सगळं उसवायला लावलं. एकदा सीट उंच झाली आणि माझा उजवा पाय जमिनीवर नीट टेकेना, तेव्हा. दुसऱ्यांदा पुढं उतार आला आणि ब्रेक मारला की मी पुढं घसरायचे, तेव्हा. रेक्झिन तापतं म्हणून वर जाडं, खरबरीत कापड लावलं. चाचा वैतागले नाहीत. उलट म्हणाले, असं गिऱ्हाईक पाहिजे.

ती सीट बसवल्यावर आठ दिवसांनी मी वर्गात खुर्चीवर बसून पहिला तास घेतला.

वेरूळची गोष्ट त्यानंतरची. लहानपणी शाळेची सहल वेरूळला गेली होती. पायऱ्या फार आहेत म्हणून गुरुजींनी मला बसमध्येच ठेवलं होतं, ड्रायव्हरसोबत. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्याकडं बघत वडील म्हणायचे, तू आणि मी एकदा जाऊ. ते राहूनच गेलं. हे मी तिला कधीतरी सांगितलं असेन. नवी सीट होऊन सहा-सात महिने झाले होते, तेव्हा जानेवारीत ती एकदम म्हणाली, "चल, जाऊ. गाडीवरच जाऊ. तुझ्या गाडीवर तू, माझ्या गाडीवर मी." येडशीपासून वेरूळ म्हणजे दोनशेच्या वर किलोमीटर. मी म्हटलं, वेडी आहेस का. ती म्हणाली, रस्ता चौपदरी आहे, बीडला मुक्काम करू, तासातासाला थांबू. सीट खरंच जमली की नाही ते अशा प्रवासातच कळेल.

तिचा नवरा तेव्हा सुट्टीवर आला होता, घरचं तो बघणार होता. आम्ही गेलो. तासातासाला थांबलो. प्रत्येक थांब्यावर ती मला विचारायची, कमर कशी आहे, डावी बाजू कशी आहे, मांडीला मुंग्या येतात का. आणि एका लहान वहीत लिहून घ्यायची. चाचांना दाखवायचं म्हणाली. फोटो तर तिनं किती काढले. मांजरसुंब्याच्या घाटात, बीडला, गोदावरीच्या पुलावर, गाडीवर बसलेली, हात वर केलेली. एरवी मला फोटोत उभं राहायचं म्हणजे नको होतं, कॅलिपर दिसतो म्हणून. त्या दिवशी मी स्वतःहून म्हणत होते, अजून एक काढ.

वेरूळला दहाव्या लेण्यात मी कुबडी टेकत गेले. आत बुद्धाची मोठी मूर्ती आहे, वर दगडात कोरलेल्या कमानी. मी खाली फरशीवर बसले. ती बाजूला उभी राहिली, माझी कुबडी हातात धरून. परत निघताना मी तिला म्हणाले, तू नसतीस तर हे झालं नसतं. ती म्हणाली, "असं कशाला म्हणतीस." आणि मान फिरवून गाडीकडं गेली. मला वाटलं, तिला भरून आलं.

परतीचा दिवस सोपा गेला नाही. गेवराईच्या पुढं डाव्या बाजूला अशी कळ सुरू झाली की मला गाडी कडेला घ्यावी लागली. एका हॉटेलच्या ओट्यावर मी तासभर आडवी पडले होते. तिनं पाय चेपला, कमरेला गरम पाण्याची बाटली लावली. आणि तेही वहीत लिहिलं, मी बघितलं होतं. घरी आल्यावर तीन दिवस मी रजेवर होते.

फेब्रुवारी संपता संपता कार्यालयातून पत्र आलं. शाळेचा पट कमी झाला होता, चार शिक्षकांची गरज नव्हती. एक जागा जाणार आणि जो शिक्षक जादा ठरेल त्याला जिल्ह्यात दुसरीकडं, जिथं जागा रिकामी असेल तिथं जावं लागणार. नोकरीत सगळ्यात नवी मी होते. पण अपंग शिक्षकांना ह्यातून सूट असते, त्यामुळं माझं नाव वगळलं गेलं आणि यादीत तिचं आलं. जागा रिकामी होती ती लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यात. येरमाळ्यापासून जायला-यायला मिळून दीडशेच्या वर किलोमीटर.

मला फार वाईट वाटलं. मी तिला तसं म्हणालेही. ती शांत होती. म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नकोस, बघू काय होतं ते. रोजच्यासारखी फाट्यावर थांबत होती, रोजच्यासारखी डब्यातली भाजी वाटून घेत होती. तिच्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सकाळी त्यांचं सगळं उरकून ती शाळेत यायची. त्याची काळजी तिला असणार, हे मला कळत होतं. मी एक-दोनदा म्हटलं की आपण दोघी मिळून साहेबांना भेटू, काही तोडगा निघतो का बघू. ती म्हणाली, नको, माझं मी बघते.

पंधरा दिवसांनी मला सुनावणीचं पत्र आलं. माझ्या सवलतीवर कुणीतरी लेखी हरकत घेतली होती. कुणी, ते पत्रात नव्हतं. मी शाळेत तिला दाखवलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाली, "जाऊन ये. जे आहे ते सांग." मीही म्हटलं, मला कसली भीती.

धाराशिवचं ते ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. मी एकेक पायरी चढत वर गेले, तर बाहेरच्या बाकावर ती बसलेली. मला वाटलं, माझ्या सोबतीला आली. मी म्हटलं, अगं सांगायचं तरी, आपण बरोबरच आलो असतो. ती उठून उभी राहिली. तेवढ्यात शिपायानं दोघींची नावं एकदमच पुकारली.

आत साहेब होते आणि एक कारकून फाइल घेऊन. साहेबांनी हरकतीचा अर्ज वाचायला सांगितला. कारकून एका सुरात वाचत गेला. सदर शिक्षिका स्वतःच्या वाहनावरून दोन दिवसांत दोनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करू शकतात. त्यांनी वाहनाच्या आसनात शारीरिक गरजेनुसार बदल करून घेतले असून आता त्यांना प्रवासाचा कोणताही त्रास होत नाही. मी स्वतः त्या प्रवासात सोबत होते. तरी त्यांच्या अपंगत्वाची फेरतपासणी होऊन सवलतीचा पुनर्विचार व्हावा. खाली तिचं नाव आणि सही.

मला आधी कळलंच नाही की तो कागद तिचा आहे. सोबत होते म्हणजे कोण, असा मी खरंच विचार करत होते. मग कारकुनानं फाइल माझ्याकडं फिरवली. गोदावरीच्या पुलावरचा फोटो होता. मी गाडीवर, दोन्ही हात वर, तोंडभर हसत. त्याच्या मागं मांजरसुंब्याचा. त्याच्या मागं तिच्या वहीतल्या पानांच्या झेरॉक्स. बीडपर्यंत डावी बाजू ठीक. मांडीला मुंग्या नाहीत. कमर उत्तम. सगळं तिच्या गोल, सुरेख अक्षरात. तीन पानं होती. गेवराईच्या ओट्यावरचं पान नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी तांदळाच्या पोत्यावरच्या दोन खड्ड्यांचं चित्र होतं, मापांसकट, बाजूला बाण काढून लिहिलेलं, पाऊण इंच.

साहेबांनी विचारलं, "हा फोटो तुमचाच का?"

"हो."

"एवढं अंतर गेला होता?"

"गेले होते."

"काढला कुणी?"

मी तिच्याकडं बघितलं. ती टेबलाच्या कडेकडं बघत होती. मी सांगितलं, ह्यांनीच. साहेबांनीही एकदा तिच्याकडं बघितलं. मग मला म्हणाले, तुम्हाला काही सांगायचं आहे का. परतीच्या कळेचं सांगायचं होतं, तीन दिवसांच्या रजेचं सांगायचं होतं. पण ते चित्र समोर उघडं पडलं होतं, कारकून त्याच्यावर बोट ठेवून उभा होता आणि मला वाटत होतं की त्या खोलीत मी कॅलिपर काढून बसले आहे. मी म्हणाले, तपासणी करायची असेल तर करा, माझी ना नाही.

पायऱ्या उतरायला मला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एरवी अशा वेळी ती माझ्या एक पायरी पुढं उतरायची, म्हणजे तोल गेला तर अंग तिच्यावर पडावं. त्या दिवशी ती आधीच खाली जाऊन गाडीपाशी उभी होती. निघून जाऊ शकली असती, पण गेली नाही, एवढं मला मान्य करावं लागेल.

मी तिला एकच विचारलं. "माप घेतलंस तेव्हा हे डोक्यात होतं का?"

"न्हाय," ती म्हणाली. "सीट करताना मला काहीच म्हायीत नव्हतं. तुझी शपथ."

"आणि वेरूळला?"

तिनं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. मग म्हणाली, "पट कमी व्हणार हे डिसेंबरातच कळालं होतं. हेडसरांनी मला सांगितलं होतं. तुझं नाव वगळणार, माझं येणार, हे म्हायीत होतं."

मी म्हटलं, म्हणजे वही, फोटो, सगळं त्यासाठी. ती म्हणाली, सगळं त्यासाठी नव्हतं. तुला न्यायचंही होतं. मग तिनं सासूबाईंचं सांगितलं. दिवसातून तीनदा त्यांना कूस बदलून द्यावी लागते, मुलगी बारावीला आहे, नवरा पुण्याहून येऊ शकत नाही, लोहाऱ्याला गेले तर घरात कोण. हे सगळं खरं होतं. ती म्हणाली, "तुझी गाडी आहे, सीट आहे. तू जाऊ शकतीस, हे मला म्हायीत होतं. माझ्याएवढं कुणालाच म्हायीत न्हाय."

मी गाडी सुरू केली आणि येडशीला आले. आईला वाटलं, सुनावणीत माझ्या विरुद्ध निकाल लागला. मी तिला काहीच सांगितलं नाही.

पुढं मला फेरतपासणीला जावं लागलं. रुग्णालयात अर्धा दिवस रांगेत, मग तीन डॉक्टरांसमोर कॅलिपर काढून भिंतीला धरून सहा पावलं. एका डॉक्टरांनी कागद बघितले आणि म्हणाले, ह्या पायात काय बदल होणार आहे बाई, कुणी पाठवलं तुम्हाला? मी म्हटलं, ऑफिसनं. त्यांनी जुनंच प्रमाणपत्र कायम केलं. जूनमध्ये तिचा आदेश निघाला आणि ती लोहाऱ्याकडं गेली. शाळेत तिचा निरोप समारंभ झाला. मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठून म्हणाले की ह्या बाई फार बारकाईनं काम करतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ज्यांना हे नंतर कळलं ते मला विचारतात, तिनं आधी मोकळेपणानं सांगितलं असतं तर तू लोहाऱ्याला गेली असतीस का? मी खोटं बोलणार नाही. बहुतेक नसते गेले. रडले असते, भांडले असते, तिच्या सासूबाईंसाठी बाई शोधायला मदत केली असती, पण सूट सोडली नसती. ते तिलाही कळत असणार, म्हणूनच तिनं विचारलं नाही. पण मग मला दहाव्या लेण्यात कशाला नेलं, ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. बुद्धासमोर मी फरशीवर बसले होते आणि माझी कुबडी धरून उभ्या असलेल्या तिच्या पर्समध्ये ती वही होती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. आता त्याची आठवण आली की मी प्रत्येक क्षण पुन्हा तपासते. गोदावरीच्या पुलावर ती हसत होती ते कशाला हसत होती. मान फिरवून गाडीकडं गेली ते का.

सुनावणीनंतर मी ती सीट काढून जुनी बसवली होती. रागानंच. बारा दिवस चालवली. तेराव्या दिवशी वर्गात खुर्चीवर टेकता येईना, तेव्हा वडिलांनी पाना घेतला आणि नवी सीट परत बसवून दिली. ती अजून तीच आहे. तिच्यावर बसले की दुखत नाही.

गेल्या वर्षी तिची विनंती बदली होऊन ती कळंब तालुक्यात परत आली, दुसऱ्या शाळेवर. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. मला ते उशिरा कळलं आणि मी भेटायला गेले नाही. मग आमची गाठ पडली ती येरमाळ्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात. चहाच्या सुट्टीत ती तिच्या शाळेतल्या एका तरुण सरांना घेऊन माझ्याकडं आली. थोडी वाळली होती. मला म्हणाली, बरी आहेस का? मी म्हटलं, बरी आहे.

ते सर माझी गाडी बघून आले होते. त्यांच्या बायकोलाही पोलिओ होता, तिच्यासाठी ते अशीच गाडी घेत होते. ते म्हणाले, "मॅडमनी सांगितलं, तुम्ही ह्या गाडीवर वेरूळला गेला होता. सीट कशी घ्यावी, जरा सांगता का?"

मी त्यांना सगळं नीट सांगितलं. दुकानात बसून मऊ वाटेल ती घेऊ नका. खाली घट्ट थर, त्यावर मऊ. बांधून तासभर चालवून बघा. पाय जमिनीवर टेकला पाहिजे, पुढं उतार नको, रेक्झिन नको. धाराशिवच्या चाचांचा पत्ताही दिला. ते मोबाइलमध्ये लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं की बैठकीचं माप कसं घ्यायचं, तुमचं कुणी घेतलं होतं?

ती शेजारीच उभी होती, हातात चहाचा कप घेऊन.

मी म्हटलं, "आमच्या शाळेत तेव्हा एक बाई होत्या, त्यांनी घेतलं. तुम्ही मात्र घरच्याच कुणाकडून तरी घ्या."

सर बरं म्हणाले. आतून हाक आली, पुढचं सत्र सुरू होत होतं. मी कुबडी घेऊन दाराकडं निघाले. ती माझ्या मागून आली नाही.